तिसरा मेंढा

आबू महिना, दुसरा दिवस

नदी दोन बोटे उतरली. गरम वारा.

राजधानीतले आमचे धंदेबंधू रोज अशा नोंदी ठेवतात: नदी, वारा, तारे, धान्याचे भाव. भावांत मला रस नाही आणि ताऱ्यांपुरते डोळे उरले नाहीत. नदी मात्र मी चाळीस वर्षे लिहीत आलो आहे. आजपासून बाकीचेही लिहिणार, कारण मनात जे येते आहे ते कुणाजवळ बोलण्यासारखे नाही. लिहून पश्चात्ताप झालाच तर मातीची ओली पाटी पाण्यात टाकता येते.

सकाळी सुभेदार झेरियाने बोलावले होते. राजाचा हुकूम आला आहे. पूर्वेचे सैन्य डोंगर उतरून खाली येते आहे, तेव्हा सगळ्या गावांनी आपापले देव राजधानीत पाठवावेत. तिथे तीन तट आहेत आणि मधून नदी वाहते. आमच्या दूर-शलीमला एकच तट, तोही गाढवाने अंग घासले की माती सुटणारा. आमची ग्रामदेवी, स्वामिनी, जाणार की राहणार, हे सूर्यदेव शमाशला विचारायचे काम माझे. मी इकिशाया, या गावचा काळीज वाचणारा. मेंढ्याच्या कानात प्रश्न सांगायचा, मेंढा कापायचा आणि शमाशने त्याच्या काळजावर लिहिलेले उत्तर वाचायचे. माझ्या बापाने हेच केले, आजाने हेच केले.

स्वामिनी कुठे गेली तरी एकटी जात नाही. तिला नेसवणारी तिच्याबरोबर जाते. नेसवणारी म्हणजे माझी मुलगी तब्लुतु. तिच्या आधीची चार मुले गेली. ही तापातून उठली म्हणून हिचे नाव तब्लुतु, म्हणजे ‘जगली’, असे ठेवले. मला दुसरे कोणी नाही.

आबू, चौथा दिवस

नदी तशीच. दाढ दुखते.

संध्याकाळी लबाशीच्या अंगणात बसलो होतो. लबाशी माझ्या गेलेल्या बायकोचा भाऊ. स्वामिनीच्या नैवेद्याची जवाची दारू तो गाळतो. देवळाचे खाऊन देवळाला नावे ठेवणारा याच्यासारखा दुसरा कोणी मी पाहिला नाही. सुभेदारही आला होता. दारू चांगली उतरली की त्याला लबाशीच्या घराचा रस्ता आठवतो.

“दाजी, एक सांग,” लबाशी म्हणाला, “पूर्वेच्या राजाने गेल्या वर्षी तीन गावं घेतली. त्या गावांत देव नव्हते का?”

“होते.”

“मग?”

“रागावले असतील. लोकांच्या हातून काही पाप घडलं असेल.”

“तिन्ही गावांच्या? एकाच वर्षात? लोक बरे ठरवून पाप करतात.”

सुभेदार म्हणाला, “देव ज्याच्या बाजूला असतो तो जिंकतो. यात वाद कसला?”

“उलटं आहे, सुभेदारसाहेब. जो जिंकतो त्याच्या बाजूला देव जाऊन बसतात. तुमच्याकडे नाही का जेवायला गर्दी होत? तुमची सुभेदारी गेली की बघा कोण येतं ते.”

सुभेदार हसला, पण त्याचे डोळे काही हसले नाहीत. मग त्याने विचारले, “आणि उद्या शत्रूने स्वामिनीला उचलून नेलं तर? देव पळवलेलं गाव पाहिलंयस कधी? मी पाहिलंय. तिथे सण होत नाहीत. बायका पोरांची बारशी करत नाहीत, कुणासमोर करणार म्हणून.”

यावर लबाशीने सुभेदाराचा प्याला पुन्हा भरला. मग म्हणाला, “आपल्या तटात काही दम नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी लोक तटावर उभे राहतात, कारण आत ती बसलेली आहे. ती नावेत बसली की कुणासाठी उभं राहायचं? तुमच्यासाठी?”

मी सुभेदाराची बाजू घेतली. माणूस थोडा गर्विष्ठ आहे, पण भाविक आहे. बायको आणि मुले त्याने आठ दिवसांपूर्वीच राजधानीला पाठवली, तिथल्या मोठ्या देवळात नवस फेडायला. अशा दिवसांतही नवस लक्षात ठेवणारे लोक थोडेच असतात.

आबू, सहावा दिवस

नदी एक बोट उतरली.

आज एक भला माणूस भेटला. गुझानु नावाचा व्यापारी, जांभळी लोकर विकतो. तब्लुतुने स्वामिनीच्या पदरासाठी थोडी घेतली. लोकर उत्तम आहे, असे ती म्हणाली, आणि ती सहसा कशाला उत्तम म्हणत नाही. मी काळीज वाचतो हे कळल्यावर तो हात जोडून खालीच बसला. म्हणाला, “आमच्याकडे हे सांगणारं कुणी उरलं नाही. मला थोडं समजावून द्याल का, काका?”

चाळीस वर्षांत मला कुणी असे विचारले नव्हते. गावच्या पोरांना ही विद्या नको आहे. मी आजोबांचे मातीचे काळीज काढले, पंचावन्न घरे आखलेले. ही हजेरीची रेघ: ती असली तर देव मेंढ्यात उतरला, नसली तर उतरलाच नाही, म्हणजे नकार. ही वाट. हे राजद्वार. ही पित्ताची पिशवी, उजवी बाजू आपली, डावी शत्रूची. दुपारपर्यंत त्याने सगळे तोंडपाठ केले. माझ्या नदीच्या पाट्या पाहूनही तो थक्क झाला. चाळीस वर्षांच्या नोंदी! नदी सगळ्यांत खाली कधी जाते, असे त्याने विचारले. मी सांगितले, तश्रितु महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, एखादे वर्ष सोडले तर नेहमी. त्याने काही पाट्या उतरवून घेतल्या. नावेने लोकर न्यायची म्हणजे पाण्याचा अंदाज हवाच.

लबाशीला तो आवडला नाही. “व्यापारी आहे म्हणतोस, आणि भावात घासाघीस केली नाही?” लबाशीला कोण आवडते?

आबू, नववा दिवस

जेवताना तब्लुतुला विचारले, तुला जायला आवडेल का. ती कांदा चिरत होती.

“स्वामिनी जाईल तिथे मी जाईन. माझ्या आवडीचा काय प्रश्न?”

“तरी पण.”

“बाबा, सण आला की गावातल्या बायका मला विचारतात, आज स्वामिनीला कोणतं नेसवलंस? मी सांगते. मग त्या आपल्यातलं त्यातल्या त्यात तसंच काढून नेसतात. ती गेली की कोणाला विचारतील?” मग चिरलेला कांदा माझ्या ताटात लोटून म्हणाली, “पण तुम्ही शमाशला विचारा. तुमचं मन मला सांगू नका. मेंढ्याला कळेल.”

ती थट्टा करत होती. पण माझे मन ठरलेले आहे. मला तिला त्या तीन तटांच्या आत पाठवायचे आहे. गावाचे काय व्हायचे ते होवो. ज्याने प्रश्न विचारायचा त्याने उत्तराची इच्छा धरू नये, हा आमच्या विद्येतला पहिला धडा आणि मी तो मोडून बसलो आहे.

आबू, अकरावा दिवस

पहाटे आंघोळ केली, तोंडात देवदाराची ढलपी धरली आणि सूर्य वर येताच मेंढ्याच्या कानात नेहमीच्या शब्दांत विचारले. शमाशा, न्यायाच्या धन्या, आजपासून तीस दिवसांच्या आत स्वामिनीने दूर-शलीम सोडून राजधानीत जावे, हे तुला मान्य आहे का? ठाम होकार दे, नाही तर ठाम नकार. मेंढा धरणाऱ्याने कांदा खाल्ला असेल, त्याकडे कानाडोळा कर. माझी जीभ अडखळली असेल, त्याकडे कानाडोळा कर. विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवले असेल त्याकडे कानाडोळा कर, असे मात्र जुन्या पाट्यांत कुठे नाही.

हजेरीची रेघ नव्हती. एवढेच नाही, वाट मधोमध तुटलेली आणि पिशवी डावीकडे कललेली. असा स्वच्छ नकार मी दहा वर्षांत पाहिला नाही.

सुभेदार शेजारी उभा होता. “मेंढा म्हातारा वाटतो,” तो म्हणाला.

मी म्हणालो, “हो, म्हातारा आहे.” तो दोन वर्षांचा होता.

आबू, बारावा दिवस

उत्तर अस्पष्ट असेल तर पुन्हा विचारावे, अशी शास्त्राची परवानगी आहे. पुन्हा विचारले. हजेरी होती, पण पुसट. राजद्वार बंद. नकारच. आदल्या दिवसाइतका जोरात नाही, असे मी सुभेदाराला सांगितले.

“म्हणजे शमाश विचार करतोय,” सुभेदार म्हणाला. “त्याला अजून एक दिवस द्या.”

आबू, चौदावा दिवस

होकार.

काल सुभेदाराने आपल्या कळपातला पांढरा मेंढा पाठवला. आज विचारले. हजेरी लांब आणि ठळक, वाट सलग, पिशवी उजवीकडे. मला रडूच आले. स्वामिनी जाणार आणि माझी मुलगी तिच्याबरोबर तीन तटांच्या आत जाणार.

गुझानु आज निघणार होता. त्याने पाया पडून अभिनंदन केले. मी भरात येऊन त्याला सगळे सांगितले: पहिल्या दोन मेंढ्यांचे, तिसऱ्याचे, अगदी सगळे. त्याने फार लक्ष देऊन ऐकले. “म्हणजे तीन वेळा विचारता येतं,” एवढेच म्हणाला. मी म्हणालो, येते.

आबू, सतरावा दिवस

स्वामिनी गेली.

तिला पांढऱ्या कापडात गुंडाळून घाटावर आणले. सारा गाव घाटावर होता. बायका ओरडून रडतील असे मला वाटले होते, पण कोणी रडले नाही. सगळे नुसते पाहत होते. कुंभाराची म्हातारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “इकिशाया, तिला स्वतःलाच जायचं होतं ना?” मी हो म्हणालो. “शमाशने तसं सांगितलं?” मी पुन्हा हो म्हणालो. “मग ठीक,” म्हणाली आणि घरी निघून गेली. तिच्यामागोमाग बरेच लोक गेले. नाव सुटायच्या आधीच घाट अर्धा रिकामा झाला होता.

सुभेदार स्वामिनीच्या रक्षणाला स्वतः निघाला. चांगले चाळीस सैनिक त्याने बरोबर घेतले आणि वाटेतल्या शिध्यासाठी कोठारातले जवसुद्धा. दोन नावा भरून जव. प्रवास चार दिवसांचा आहे, पण देवीच्या प्रवासात कमी पडू नये हेच खरे.

तब्लुतु नावेत स्वामिनीच्या पायाशी बसली होती. तिने हात केला नाही, कारण दोन्ही हातांनी तिने स्वामिनीचा पदर वाऱ्यापासून धरून ठेवला होता. माझ्याकडे पाहून तिने मान हलवली. मी वळणापर्यंत किनाऱ्याने चालत गेलो. पुढे लव्हाळे दाट आहेत.

उलूलु महिना, पाचवा दिवस

नदी तीन बोटे उतरली. तब्लुतुचे पत्र आले. देवळातल्या लेखकाकडून लिहून घेतलेले आहे, पण बोलणे तिचेच आहे. ते उतरवून ठेवतो.

‘बाबांना, लबाशीमामांना. मी बरी आहे. स्वामिनी बरी आहे. इथे पन्नासच्या वर गावांचे देव आले आहेत. सगळे एका मोठ्या कोठारात रांगेने ठेवले आहेत. दाराला बाहेरून कडी असते आणि पहारेकरी असतो. नेसवायला जायचे तर पहारेकऱ्याला सांगावे लागते. आमच्या शेजारी मरादकडची एक देवी आहे. तिच्या गावाने राजाला माणसे पाठवली नाहीत म्हणून पाच दिवस तिचा नैवेद्य बंद आहे. तिची बाई रडते. मी आमच्यातली भाकरी चोरून देते. सुभेदार इथे आल्यावर एकदाही दिसले नाहीत. मामांना सांगा, इथली दारू म्हणजे भांडी धुतलेले पाणी. आमची खोली चांगली आहे, नदीच्या दरवाजाला अगदी लागून. खिडकीतून पाणी दिसते. वर आपला घाट आहे, हे पाणी तिथूनच आले, असे मनात येते.’

राजधानीची शिस्त पाहून मला समाधान वाटले. बाहेरून कडी म्हणजे चोराचिलटाची भीती नाही. लबाशीने पत्र दोनदा वाचले. म्हणाला, “दाजी, पाहुण्यांना कोणी बाहेरून कडी लावतं का?”

“रक्षणासाठी आहे ती.”

“ओलीस ठेवलेत देव. आमची माणसं दिली नाहीत तर तुमची देवी उपाशी. राजाला तुझ्या शमाशपेक्षा हे गणित जास्त समजतं.”

मी चिडून उठून आलो. आता वाटते, त्याला विचारायला हवे होते की मग मी काय करू.

उलूलु, एकोणिसावा दिवस

पूर्वेचे सैन्य दोन दिवसांच्या वाटेवर आहे. तटाखाली सभा झाली. सुभेदार नाही, सैनिक नाहीत, कोठारात जव नाही. लबाशी बोलायला उभा राहिला. त्याच्या तोंडून असे काही ऐकेन असे मला वाटले नव्हते. “लढा,” तो म्हणाला. “हरू, पण लढून हरलेल्या गावाशी लोक जरा जपून वागतात.”

कुंभाराची म्हातारी उठली. “कोणासाठी लढायचं, लबाशी? तीच निघून गेली. शमाशने सांगितलं, तिलाच जायचं होतं. विचार त्याला.” तिने माझ्याकडे बोट दाखवले. सगळे माझ्याकडे पाहू लागले. पहिल्या दोन मेंढ्यांचे मी काही बोललो नाही.

वेशीचे दरवाजे उघडे ठेवायचे ठरले.

उलूलु, बाविसावा दिवस

सैन्य आले. कोणाला मारले नाही, घरे लुटली नाहीत. वेशीत उभे राहून एकाने जाहीरनामा वाचला, आमच्याच भाषेत, स्पष्ट उच्चारात. दूर-शलीमची स्वामिनी आपल्या राजावर रागावून गाव सोडून गेली आहे. तिच्याच काळीज वाचणाऱ्याने तीन मेंढे कापून याची खात्री करून घेतली आहे. पूर्वेचा राजा तिला राजधानीतून सोडवून परत तिच्या जागी बसवील. शमाशची तशी इच्छा आहे.

वाचणारा गुझानु होता. अंगात चामड्याचे चिलखत, कमरेला तलवार. वाचून झाल्यावर तो माझ्याजवळ आला आणि तसाच पाया पडला, त्या दिवशी पडला होता तसा. “काका,” म्हणाला, “तुमच्या गावात एकही माणूस मेला नाही. तुमच्यामुळे.”

खरे सांगायचे तर क्षणभर मला बरे वाटले.

रात्री उशिरापर्यंत लबाशी अंगणात बसून होता. मला म्हणाला, “पन्नास गावांचे देव कोठारात. पन्नास गावांचे दरवाजे उघडे. आपल्या राजाने स्वतःच ही व्यवस्था करून ठेवली, दाजी, आणि आपण मेंढे कापत बसलो.”

तश्रितु महिना, पहिला दिवस

नदी दोन बोटे उतरली.

सेनापतीने बोलावले. उंच, कमी बोलणारा माणूस. गुझानु दुभाषा. सैन्याने राजधानीवर आत्ताच जायचे की हिवाळा सरू द्यायचा, हे त्यांना ठरवायचे आहे. सैनिकांत आमच्या बाजूच्या गावांतले लोक फार झाले आहेत आणि शमाशचा कौल मिळाल्याशिवाय ते हलणार नाहीत. कौल मी घ्यायचा.

“माझी मुलगी आत आहे,” मी म्हणालो.

गुझानुने ते सेनापतीला सांगितले. सेनापती काही बोलला. गुझानु म्हणाला, “ते म्हणतात, त्यांचीही एक मुलगी आहे. देवाला त्याचं काय? तुम्ही फक्त वाचा. मी शेजारी असेन. तुम्ही शिकवलेलं मी विसरलो नाही.”

हिवाळा सरेपर्यंत काही तरी होऊ शकेल. तह होईल, राजा मरेल, देव आपापल्या गावी परत येतील. मला एकच गोष्ट हवी आहे: शमाशने नाही म्हणावे.

तश्रितु, दुसरा दिवस

विचारले. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. आजपासून तीस दिवसांच्या आत हे सैन्य राजधानीच्या तटात शिरेल का?

हजेरी नाही. नकार.

गुझानुने वाकून पाहिले. “हजेरी नाही,” त्याने सेनापतीला सांगितले, माझ्याच शब्दांत. मी घरी येऊन जमिनीवर डोके टेकले. शमाश न्यायी आहे.

तश्रितु, तिसरा दिवस

“मेंढा म्हातारा वाटतो,” गुझानु म्हणाला होता. आज दुसरा आणला.

पुन्हा खरे तेच विचारले. हजेरी पुसट, राजद्वार बंद. पुन्हा नकार. सेनापतीने खांदे उडवले. गुझानु माझ्याकडे पाहून हसला. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

“म्हणजे शमाश विचार करतोय. तीन वेळा विचारता येतं ना, काका?”

मी म्हणालो, येते. दुसरे काय म्हणणार? माझ्याच तोंडाने त्याला सांगितलेले.

दिवसभर काही खाल्ले नाही. पहिला मेंढा नकार, दुसरा नकार. आबूत असेच झाले होते. मग तिसरा आला होता. उद्याच्या मेंढ्याला खरा प्रश्न विचारण्याचे धाडस मला होणार नाही. काळजाबद्दल खोटे बोलता येत नाही, गुझानु पाहतो. पण कानात काय सांगितले ते मेंढा आणि शमाश यांच्याशिवाय कोणी ऐकत नाही. ज्याचे उत्तर ‘नाही’ असेच असेल, ‘हो’ असूच शकणार नाही, असे काही विचारायचे. शमाश खोटे बोलत नाही. त्याच्या खरेपणावर विसंबून मी सेनापतीला फसवणार आहे. हे पाप असेल तर माझ्या माथी लागो, तब्लुतुच्या नको.

तश्रितु, चौथा दिवस

नदी तीन बोटे उतरली.

सूर्य वर आला. मेंढा पांढरा होता. मी त्याच्या कानाशी वाकलो आणि विचारले, शमाशा, न्यायाच्या धन्या, हा तुझ्यासमोर उभा असलेला इकिशाया मेलेला आहे का? ठाम होकार दे, नाही तर ठाम नकार.

काळीज बाहेर काढले. ते हातात गरम होते.

हजेरी लांब आणि ठळक. वाट सलग. राजद्वार उघडे. पिशवी उजवीकडे, भरलेली. पंचावन्न घरांपैकी एकातही खोट नाही. चाळीस वर्षांत एवढे देखणे काळीज मी पाहिले नव्हते.

गुझानुने एकेका घरावर बोट ठेवत मोठ्याने वाचले. “हजेरी आहे. वाट आहे. दार उघडं आहे.” मागे उभे असलेले सैनिक प्रत्येक शब्दाला ओरडत होते. कोणाला माझ्या शब्दाची गरज नव्हती.

दुपारी सैन्य हलले. धूळ खाली बसायला संध्याकाळ झाली.

तश्रितु, पाचवा दिवस

लबाशीला सांगितले. कुणाला तरी सांगायलाच हवे होते. कानात काय विचारले, काय उत्तर आले, सगळे. तो टिंगल करील, आणि ती मला चालेल, असे धरून गेलो होतो. त्याने टिंगल केली नाही. भाकरी आणि सुकी मासळी पुढे ठेवली. म्हणाला, “खा, दाजी. मेलेले खात नाहीत.”

मला खाता आले नाही.

काल सकाळपासून एकच विचार डोक्यात आहे. शमाश खोटे बोलत नाही, हे मी चाळीस वर्षे लोकांना सांगत आलो. तो खोटे बोलत नसेल तर मी मेलेला आहे, आणि मग ते बरेच झाले. पण मी मेलेला नाही. माझी दाढ दुखते आहे. म्हणजे कालच्या काळजात कोणी बोलत नव्हते. ते मेंढ्याचे काळीज होते, बस. मग आबूच्या चौदाव्या दिवशी कोण बोलले? त्या दिवशीही मेंढा पांढरा होता, काळीजही असेच देखणे होते, आणि मला आनंदाने रडू आले होते. माझ्या मुलीला त्या कोठारात कोणी पाठवले?

लबाशीला मी हे विचारले. तो म्हणाला, “पाटी ओली आहे तोवर पाण्यात टाक आणि झोप.”

पाटी टाकणार नाही. संध्याकाळी सवयीने घाटावर गेलो आणि नदीत काठी धरून पाहिली. पाणी आणखी पाच बोटे उतरले आहे. एका दिवसात इतके मी कधीच लिहिलेले नाही. वरच्या अंगाला सेनापतीची हजारो माणसे नवा कालवा खणून पाणी वळवत आहेत, असे गुराखी सांगतात. उद्यापर्यंत नदी गुडघाभर उरेल, सैन्याला पात्रातून चालत जाण्याइतकी, आणि नदीच्या दरवाजाला लागून माझी तब्लुतु खिडकीत उभी राहून पाणी पाहते.